काम काढायचं की गाडी काढायची?

आमच्याकडे 'काढणे' या क्रियापदाला मोटारीच्या बाबतीत तीन अर्थ आहेत. गाडीचं काम काढलं म्हणजे दुरुस्तीला घातली. गाडी काढून टाकली म्हणजे विकली. आणि नुसतीच गाडी काढली म्हणजे हार घालून, पेढे वाटत शोरूममधून नवी आणली. इस्लामपुरात एखाद्या गॅरेजसमोर उभं राहून कुणी "मग काय, काढायची का?" असं विचारलं, तर तो यातलं नेमकं काय विचारतोय हे त्याच्या धंद्यावरून ओळखायचं. गेल्या पावसाळ्यानंतर हा प्रश्न मला एकाच आठवड्यात तिघांनी विचारला, आणि तिघांचा अर्थ वेगळा होता.

गाडी माझीच. २०१२ सालची डिझेल हॅचबॅक, पासिंग एमएच-१०, मीटरवर दोन लाख अडतीस हजार. (गावाचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली, माझ्या आर.सी.वर आणि तोंडात अजून इस्लामपूरच आहे.) चढाला धूर, पिकअप बसलेला, दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल कमी. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला आणि मग माझाही हात ओढून तिथं ठेवला. आतून भसाभसा वाफ येत होती. "रिंगा गेल्यात सर. इंजेक्टर पण बघायला लागतील." रिंगा, हेडचं काम, इंजेक्टर, क्लच प्लेट आणि खालचं काम मिळून अंदाज सांगितला बासष्ट हजार. त्याच संध्याकाळी जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एकजण आला. गाडीभोवती एक फेरी मारून, बॉनेटही न उघडता, त्याने एक लाख पस्तीस हजार बोलून टाकले. रविवारी पुण्याहून आलेले जावई म्हणाले, "मामा, किती दिवस ओढणार? नवी काढूया."

गॅरेजच्या बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो. कामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याला टेकला की गाडी विकायची. नियम सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकलाय. पण तो चुकीच्या दोन आकड्यांची सोयरीक जुळवतो. एक लाख पस्तीस हजार ही किंमत माझी गाडी नेणाऱ्याच्या लेखी. मला ती गाडी विकायची नसून तिच्यात बसून जायचं असेल, तर त्या आकड्याशी माझा संबंध काय? गाडी जितकी जुनी तितकी तिची बाजारातली किंमत कमी, आणि क्लच प्लेटचा भाव तर नव्या-जुन्या गाडीला सारखाच. त्यामुळे या नियमाने गेलं तर ठरावीक वयानंतर साधं क्लचचं कामही 'परवडत नाही' असंच उत्तर येणार. बासष्ट हजारांची तुलना करायची ती, हे काम काढलं नाही तर दारात जी दुसरी गाडी उभी राहील तिच्या एका वर्षाच्या खर्चाशी.

तो हिशेब मी वहीत मांडला. शोरूमच्या दराने साडेसहा लाखांची पेट्रोल गाडी धरली. तिच्यावर राज्याचा एकरकमी कर ११ टक्के म्हणजे ७१,५००. विमा आणि बाकीचं धरून रस्त्यावर यायला साडेसात लाख. जुन्या गाडीचे एक लाख पस्तीस आणि पदरचे पंधरा हजार घातले, तर कर्ज सहा लाख. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता बसतो महिना १२,६०० च्या आसपास. पहिल्या वर्षात हप्त्यांपोटी जाणार दीड लाख आणि त्यातले जवळजवळ ५३,००० नुसतं व्याज. त्याशिवाय घसारा. विमा कंपन्यांच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गाडी एक वर्षाची होऊन गेली की तिच्या किमतीतून वीस टक्के वजा होतात, दोन वर्षांनी तीस, चार वर्षांनंतर पन्नास. साडेसहा लाखांचे वीस टक्के म्हणजे एक लाख तीस हजार. व्याज आणि घसारा मिळून एका वर्षात एक लाख ऐंशी हजारांच्या वर, आणि भरलेला कर गेला तो वेगळाच. माझ्या बासष्ट हजारांत वर्षभराची किरकोळ पंचवीस हजारांची कामं मिळवली तरी निम्म्याच्या आतच राहतो. शोरूमवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो हप्ता सांगतो, घसाऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणजे निव्वळ पैशाचं पाहिलं तर काम काढणं बहुतेक वेळा जिंकतं. तरीही शहाणी माणसं गाड्या विकतात, आणि ती सगळी काही हौसेखातर विकत नाहीत. कारण वरचा हिशेब एका अटीवर उभा आहे: बासष्ट हजार हे बासष्ट हजारच असले पाहिजेत. दिवाळीला इंजिन, संक्रांतीला स्टेअरिंग रॅक, पाडव्याला एसीचा कॉम्प्रेसर असं सुरू झालं की वहीतली बेरीज खोटी पडते. मग माणूस म्हणतो, आता एवढे घातलेत तर हेही घालू. गेल्या वर्षी टाकलेल्या चार टायरांचे पैसे यंदाच्या निर्णयात धरायचे नसतात. ते टायर पुढच्या दोन वर्षांत किती चालतील एवढंच धरायचं. हे मला कळतं, पण टायरांकडे बघून अजून वळत नाही.

किलोमीटरचा हिशेब आमच्या भागात खरा कुणी केला असेल तर तो वडापवाल्यांनी. वाळवा-शिराळ्याच्या गावांतून इस्लामपूरला माणसं भरभरून आणणाऱ्या त्या जीपा, ट्रॅक्स, सुमो आणि पुढे टवेरा. या गाड्यांच्या मीटरची तार कधीच तुटलेली असायची. पण मालकाला तोंडपाठ असे, की इंजिनकाम केव्हा झालं आणि तेव्हापासून किती खेपा झाल्या. मार्केट व्हॅल्यूचा विचार तो करत नसे. एका खेपेमागे डिझेल किती, गाडी महिन्यात किती दिवस उभी राहिली, आणि उभ्या दिवसांत बुडालं किती, एवढ्या तीन गोष्टींवर तो गाडी ठेवायची की काढून टाकायची ते ठरवत असे. त्यातली तिसरी गोष्ट आपण घरगुती गाडीवाले हमखास विसरतो. गाडी गॅरेजला आठ दिवस पडली की भाड्याची गाडी करून सांगलीला दवाखान्यात जावं लागतं. ते पैसे दुरुस्तीच्या बिलात लिहिलेले नसतात, खिशातून मात्र जातात. हा हिशेब मीही लावून पाहिला. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणं, इंजिनकाम तीन वर्षं टिकलं तर बासष्ट हजार म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोल आणि डिझेलच्या किलोमीटरमागच्या खर्चातल्या फरकातच त्यातला रुपया-सव्वा रुपया वसूल होतो.

दोन लाख चाळीस हजार हा आकडा ऐकून लोक डोळे मोठे करतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अर्व गॉर्डन या शिक्षकाने १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी-१८०० तीस लाख मैलांवर चालवली. २०१३ मध्ये त्याने तो टप्पा ओलांडला. म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. त्याचं रहस्य विचारायला गेलेल्यांची निराशाच होत असे, कारण ते वेळेवर ऑइल बदलण्यापलीकडे फार जात नव्हतं. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून पुण्याला जाणारी गाडी पाचव्या गिअरमध्ये दोन लाख किलोमीटर सहज काढते. तेच किलोमीटर गांधी चौक ते बसस्थानक, बसस्थानक ते बाजार असे थंड इंजिनाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत काढले, तर क्लच, रिंगा आणि टर्बो निम्म्यातच हात टेकतात. तेव्हा मीटर किती, यापेक्षा ते किलोमीटर कुठले, हा प्रश्न जास्त कामाचा.

आणि त्याहून कामाचा प्रश्न, गेलंय ते काय. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शन हे सगळं खोलून बदलता येतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअर मारून, क्रँक ग्राइंड करून मिळतो, आणि आपल्यापासून ते तासाभराच्या आत आहे. पत्रा मात्र बदलता येत नाही. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपतात आणि फ्लोअर, बॉक्स-सेक्शन, सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं ती जागा ठोकून बघतात. टणटण वाजलं तर बाकी कामाची चर्चा पुढे. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला की चर्चा बंद. त्याच्यावर कितीही पुट्टी भरा, वेल्डिंग मारा, डेंटिंग-पेंटिंगवाला गाडी चकचकीत करून देईल, पण ती आता फक्त विकण्यासाठी रंगवलेली असते. वायरिंगचंही बरंचसं तसंच. एकदा उंदरांनी किंवा पाण्याने हारनेस खाल्लं की दोष शोधण्याची मजुरी सुट्या भागांपेक्षा जड जाते.

पाण्याचा विषय सांगली-कोल्हापूर या आपल्या दोन जिल्ह्यांत टाळून चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी आहे ४५. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तोच प्रकार. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पार्किंगमध्ये, दारात उभ्या असलेल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच विमा कंपन्यांनी 'टोटल लॉस' धरून निकाली काढल्या. पण निकाली निघालेली गाडी भंगारातच जाते असं नाही. धुऊन, वाळवून, सीट कव्हर घालून ती पुन्हा कुणाच्या तरी दारात येते. जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकण्याआधी पुढच्या सीटखाली हात घालावा. सीटची पट्टी गंजलेली, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ असं दिसलं तर भाव न विचारता घरी यावं.

'जुनी देऊन थोडी बरी जुनी घेऊ' हा तिसरा मार्ग त्यामुळेच मला सगळ्यांत निसरडा वाटतो, आणि तो सुचवणारेच सर्वांत जास्त भेटतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला ज्या कामासाठी नोबेल मिळालं त्याचा पाया तोच. विकणाऱ्याला गाडी आतून माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरीचा भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही. मग बाजारात उरतात ते जास्त करून खोटे सिक्के. माझ्या गाडीच्या रिंगा गेल्यात हे मला ठाऊक आहे. जी साडेतीन लाखांची 'फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन' गाडी मला दाखवली गेली, तिचं काय गेलंय ते मला विकत घेतल्यावर कळणार. मीटर मागे घेणं आता काही अवघड राहिलेलं नाही. मीटरवर पंचावन्न हजार असताना क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंगचं कातडं चकाकणारं दिसलं, तर पेडलवर विश्वास ठेवावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागावी, त्यात तारीखवार किलोमीटर असतात. आणि सौदा ठरण्याआधी आपल्या मिस्त्रींना घेऊन जावं. तो हजार-पाचशेचा खर्च करायला लाजणारी माणसं पुढे पन्नास हजार बिनबोभाट घालवतात.

दिल्लीच्या गाड्यांचं वेगळंच प्रकरण. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पेट्रोलला मर्यादा पंधरा वर्षांची होती. त्यामुळे तिथल्या सात-आठ वर्षांच्या डिझेल गाड्या ना-हरकत दाखला घेऊन स्वस्तात बाहेर पडत आणि आपल्याकडे येत. स्वस्त दिसत खऱ्या, पण इथल्या नोंदणीचा कर आणि हेलपाटे मिळवले की स्वस्ताई आटत असे. त्या हुकुमाचा दुसरा परिणाम म्हणजे गैरसमज. "सर, पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार जमा करतंय न्हवं?" असं मला चांगल्या शिकलेल्या माणसाने विचारलं. आपल्याकडे खाजगी गाडीला असा नियम नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर आणि फी भरायची, की पुढची पाच वर्षं मिळतात. फी मात्र बोचणारी केलीय. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० ठरली. सरकारला जुनी गाडी नको आहे, पण ती ओढून न्यायचीही नाही. मालकानेच कंटाळून सोडावी अशी ही रचना. जपानमध्ये हेच जरा कडक पद्धतीने होतं. नव्या मोटारीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी महागडी तपासणी असते, त्यामुळे तिथले लोक चालती गाडी देऊन मोकळे होतात आणि ती जहाजातून आफ्रिकेत जाऊन पुढे वीस वर्षं चालते.

१३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेल्या भंगार धोरणाचा मोठा गाजावाजा झाला. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडली तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमोल, कंपनीकडून पाच टक्क्यांपर्यंत सूट मिळावी अशी सूचना, आणि राज्याने द्यायची कर-सवलत. साडेसहा लाखांचे चार ते सहा टक्के म्हणजे सव्वीस ते एकोणचाळीस हजार. चालत्या गाडीला दारात येऊन एक लाख पस्तीस हजार कुणी देत असेल तर मोडायला कोण नेईल? चाक हलत नाही आणि कागद संपलेत, अशा गाडीला मात्र ते ठीक आहे. मागे दाखला राहतो आणि तिच्या चेसिस नंबरवर पुढे कुणी भानगड करत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न वरवर किरकोळ, पण निर्णय बऱ्याचदा तिथंच होतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना जवळच होता, तरी २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद केली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं. या गाड्यांचे रोजचे भाग मिळतात, पण बंपर, हेडलॅम्प, एखादं सेन्सर असं काही गेलं की आठवडे जातात आणि गाडी उभी राहते. उलट फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या, टाटांच्या आणि खुद्द फियाटच्या गाड्यांत इतकं पसरलं, की एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल सोडलं तरी त्याचं सामान तालुक्याच्या दुकानातही असतं आणि ते इंजिन डोळे मिटून खोलणारा मिस्त्री प्रत्येक गावात आहे. गाडी घेताना जे बघायचं असतं ते हे. पण तेव्हा आपण रंग बघत असतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं उदाहरण घ्या. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला होता, तरी टॅक्सीवाल्यांनी सुटे भाग जुळवत तिला चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. ती थांबली ती नियमाने.

पेट्रोल गाडीवाल्यांना आणखी एक घोर आहे, आणि त्यात आपल्याच उसाचा हात आहे. इथल्या कारखान्यांच्या मळीचं, रसाचं इथेनॉल होतं, ते वीस टक्के पेट्रोलात मिसळून आपल्याच टाकीत येतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात, आधीच्या नसतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या मोटारींना अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के कमी मिळेल असं नोंदलं आहे. रबरी नळ्या आणि सील लवकर कडक होतात, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. ऊस बिल वाढावं आणि इथेनॉल नको, असं दोन्ही एका तोंडाने म्हणताना मी माणसं ऐकली आहेत. त्यात मीही असेन. पण एवढ्यासाठी चांगली चालती गाडी काढून टाकायचं कारण नाही; इंधनाच्या नळ्या बदलायला हजारांत खर्च येतो.

ऊस बिलाचा उल्लेख आलाच आहे तर एक निरीक्षण. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते येतील तेव्हा येतात, पण येतात एकदम. नवी गाडी काढण्याचे निर्णय आमच्याकडे बिल जमा झाल्यावर होतात आणि काम काढण्याचे निर्णय पावसाळ्यात, हात आखडलेला असताना. गाडीची अवस्था दोन्ही वेळा तीच असते. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हाही असाच एक रेटा आला, आणि नवी स्वस्त झाली म्हटल्यावर जुन्याचे भाव बसले. माझ्या एक लाख पस्तीस हजारांत त्याचाही वाटा असावा.

माझ्या वहीतल्या सगळ्या बेरजांना उत्तर देणारी गोष्ट जावयांनी शेवटी सांगितली, आणि ती पैशाची नव्हती. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. एबीएस नाही. चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, शेजारच्याची २०२२ पासून. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांचं एअरबॅग नसलेलं मॉडेल ताशी ६४ किलोमीटरने आपटून पाहिलं, आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. रिंगा बदलून ही गोष्ट बदलत नाही. गाडी गावात, शेतावर, बाजाराला फिरणार असेल तर मी मिस्त्रींच्या बाजूचा. कॉलेजचं पोर रोज त्याच गाडीने महामार्गावरून कराडला किंवा कोल्हापूरला शंभरच्या वेगाने जाणार असेल, तर पत्रा कितीही टणटणीत वाजो, गाडी बदलावी, आणि बदलताना साडेतीन लाखांची जुनी मोठी गाडी न बघता एअरबॅगवाली लहान बघावी. हा एकच मुद्दा असा आहे की जिथं मला किलोमीटरचा हिशेब लाजिरवाणा वाटतो.

विकायचं ठरलंच तर कागद. नंबर प्लेट नव्या पद्धतीची नसेल तर ती आधी बसवून घ्यावी. मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. कर्जाचा बोजा आर.सी.वरून उतरवलेला नसतो हे विकायच्या दिवशीच कळतं, बँकेचं कर्ज फिटून पाच वर्षं झालेली असली तरी. पण खरा घोळ होतो तो नाव बदलण्यात. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून, पैसे मोजून घेऊन लोक निवांत होतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. तिथं विकलेली गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, अपघात तिसऱ्याच्याच हातून झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली कागदावरच्या पहिल्या मालकावर. एप्रिल २०२३ पासून परवानाधारक विक्रेत्याला गाडी सोपवून तशी ऑनलाइन नोंद केली तर तो मालक धरला जातो, ही सोय चांगली आहे. माझ्या गाडीभोवती फेरी मारणाऱ्याला मी परवान्याचं विचारलं. तो म्हणाला, "सर, आपल्यात कागदाचं काय एवढं?"

मी काम काढलं. खालून पत्रा टणटणीत वाजला, आणि ही गाडी आता गावाबाहेर फार जाणार नाही असं घरात ठरलं. पुण्याला जायचं तर एसटीने किंवा जावयांच्या गाडीतून. इंजेक्टर कोल्हापूरला तपासायला पाठवले तर चारांतले दोनच खराब निघाले. बिल झालं चोपन्न हजार तीनशे. गाडी बाहेर काढून दहा दिवस झाले असतील, तो व्यवहारवाला पुन्हा आला. या खेपेला त्याने बॉनेट उघडायला लावलं, झाकण काढून हात धरला, वाफ येत नाही बघून मान हलवली आणि म्हणाला, "काम केलंय तर दीड देतो." चोपन्न हजारांच्या कामाचे पंधरा हजार. विकण्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांना एवढा भाव पुरे.

"मग काय, काढायची का?"

मी म्हणालो, आर.सी. २०२७ च्या जूनपर्यंत आहे. त्याने खिशातून मोबाइल काढला, माझ्या नंबरपुढे महिना लिहून घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून, "तवर पत्र्याला जपा," म्हणत निघून गेला.